मदत हवी आहे : ‘बोलिंग विरुद्ध शार्प’ निकालातील समतेचा आधार

अमेरिकी राज्यघटनेचा अभ्यास करताना एका ठिकाणी माझे अडले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

१८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतील समान संरक्षणाचे कलम राज्यांना उद्देशून आहे. त्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटल्यात सरकारी शाळांतील वर्णाधारित विभाजन घटनाबाह्य ठरवले. राजधानी वॉशिंग्टन मात्र कोणत्याच राज्यात मोडत नसून संघ सरकारच्या अखत्यारीत असल्यामुळे, तिथल्या शाळांतील अशाच विभाजनाविषयीच्या, त्याच दिवशीच्या ‘बोलिंग’ निकालात न्यायालयाला पाचव्या घटनादुरुस्तीतील, योग्य कायदेशीर प्रक्रियेविना स्वातंत्र्य हिरावून न घेण्याच्या तरतुदीत समतेची हमी शोधावी लागली. (आपल्याकडे कलम १४ केंद्र आणि राज्ये या दोघांनाही बांधते, म्हणून हा पेच पडत नाही.)

निकाल न्याय्य होता, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. राज्यांना जे निषिद्ध, ते संघ सरकारला मोकळे असणे अकल्पनीय आहे, हे सरन्यायाधीश वॉरन यांचे म्हणणेही मनोमन पटते. परंतु १७९१ साली, म्हणजे गुलामगिरी कायदेशीर असताना, स्वीकारलेल्या पाचव्या दुरुस्तीच्या शब्दांत समता वाचणे हा अर्थनिर्णय मानावा की न्यायालयाने घटनेत घातलेली भर? पहिली बाजू घटनेच्या शब्दांवरूनच कशी मांडता येईल, हे कोणी सविस्तर समजावून सांगेल का?