‘कन्नड गोत्तिल्ला’ की ‘कन्नड बरल्ला’?

सांजवात
आमच्या सोसायटीत (बंगळूर, मारतहळ्ळीजवळ) पुण्या-नागपूरकडची नवी पोरं सारखी येत असतात. त्यांच्यासाठी देवनागरीत एक पानभर यादी करतेय. एष्टु (किती), बेकु (हवं), साकु (पुरे), मीटर हाकि (मीटर टाका), इल्ले निल्लिसि (इथंच थांबवा), असली रोजची गरज. सुरुवातीलाच ‘कन्नड गोत्तिल्ला’ घातलं होतं. शेजारच्या अज्जींना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, हे बाहेरच्यांचं कन्नड, आम्ही ‘बरल्ला’ म्हणतो. पण ऑफिसात तर सगळ्यांच्या तोंडी ‘गोत्तिल्ला’च! कोणतं ठेवू? आणि ‘बेड’ (नको) कसं लिहू? आपली माणसं खाट वाचतील.

निपाणीवाला
अज्जी बरोबर आहेत. गोत्तु म्हणजे ठाऊक, बरु म्हणजे येणं. ‘ननगे कन्नड बरल्ला’ म्हणजे ‘मला कन्नड येत नाही’, शब्दाला शब्द. भाषा आपल्याकडं ‘येते’, हिंदीत ‘आती है’, कन्नडमध्येही येतेच. मग हे ‘गोत्तिल्ला’ आलं कुठून? माझ्या मते थेट ‘आय डोंट नो कन्नडा’मधून.

फुकटफौजदार
आलं असेल! रिक्षावाल्याला कळलं की झालं. तुम्ही ‘बरल्ला’ इतकं झोकात म्हणाल की त्याला वाटेल येतंय, आणि तो पुढचं सगळं कन्नडमध्येच ऐकवेल. सांजवातताई, त्यापेक्षा यादीत ‘मेले’ घाला. पहिल्यांदा ‘मीटर मेले इप्पत्तु’ ऐकलं तेव्हा मी कोण मेले ते शोधत होतो. मीटरवर वीस रुपये जास्त, एवढंच.

माहेरधारवाड
आमच्याकडं ‘बरल्ला’सुद्धा नाही हो. ‘ननग कन्नड बरंगिल्ल री’! बंगळूरकरांचं कन्नड आम्हाला कोरडंच वाटतं. बर्री (या), कुंदर्री (बसा), हेळ्री (सांगा) असं ‘री’ लावून बोललं की समोरचा चहा दिल्याशिवाय सोडत नाही.

शंखोबा
‘गोत्तु’वरून एक सुचलं. ‘गोत्यात येणे’ हे कानडीतूनच आलं असणार. ‘गोत्तिल्ला’ म्हणणारा माणूस शेवटी गोत्यातच येतो!

निपाणीवाला
शंखोबा, गोता अरबी आहे, बुडी या अर्थाचा. कन्नडमधून काही आणायचंच असेल तर तूप (तुप्प) आणा, अडकित्ता आणा. अडिके म्हणजे सुपारी, कत्तरि म्हणजे कात्री.

माहेरधारवाड
आणि ‘कानडी’ नका म्हणू, कन्नड म्हणा. शहराचं नावही २०१४ च्या नोव्हेंबरपासून बेंगळुरू आहे.

शंखोबा
मराठीत कानडीच म्हणतात. तुकोबांचा अभंग आहे, ‘कानडीनें केला मऱ्हाटा भ्रतार, एकाचें उत्तर एका न ये’. ती बायको ‘इल बा’ म्हणून हाक मारते आणि नवरा धूम ठोकतो! ‘इल्लि बा’, इकडे ये. सांजवातताई, तुमच्या यादीचा विषय तिथं आधीच येऊन गेलाय.

माहेरधारवाड
नवऱ्याला ‘बा’?? आमच्या घरात कुणी बाई नवऱ्याला ‘बा’ म्हणाली असती तर अज्जीनं जेवायला वाढलं नसतं. ‘बर्री’ म्हणायचं.

शंखोबा
अहो, अभंगात बसायला नको का? ‘इल बर्री’ म्हटलं तर छंदाचं काय होईल?

सांजवात
हा मुद्दा मात्र यादीत हवाच. पोरं मित्रांकडून ‘बारो’ उचलतात आणि साठीच्या वॉचमनकाकांना ‘बारो’ म्हणतात. म्हणजे ‘ये रे’! ‘बन्नि’ (या) ठळक अक्षरात टाकते. पण ‘बेड’चं काय?

फुकटफौजदार
‘बेडा’ लिहा.

निपाणीवाला
म्हणजे ‘कर्नाटका’, ‘योगा’, ‘रामा’ यांच्या पंगतीत बसवा! शेवटचा अ कन्नडमध्ये पूर्ण उच्चारतात, आपल्यासारखा गिळत नाहीत. पण म्हणून तो आ होत नाही. अवग्रह देऊन ‘बेडऽ’ लिहावं.

फुकटफौजदार
कॅबमध्ये बसलेला पोरगा अवग्रह वाचणार? आणि वर तुम्हीच ‘बरल्ला’ लिहिलंय, काना देऊन.

निपाणीवाला
तो मथळ्यातून आला. मथळा माझा नाही.

सांजवात
मथळा माझा, मान्य! यादी शनिवारी छापायचीय. ‘गोत्तिल्ला’ की ‘बरल्ला’, कुणीतरी एक सांगा.

माहेरधारवाड
बरंगिल्ल.

शंखोबा
निपाणीवाले, तूप ‘तुप्प’वरून आलं कशावरून? आपल्याकडून तिकडं गेलं नसेल कशावरून?