वृषणे काढल्यानंतरही नर रॅट काही आठवडे समागम का करतो?

प्रश्न – एमएस्सी_कोथरूड

नमस्कार. मी पुण्यात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढच्या आठवड्यात उंदीरवर्गीय प्राण्यांच्या लैंगिक वर्तनावर मला विभागात सादरीकरण करायचे आहे. वाचताना दोन ठिकाणी अडले आहे. प्रयोगशाळेतल्या मोठ्या पांढऱ्या उंदराची, म्हणजे रॅटच्या नराची, वृषणे काढली की रक्तातले टेस्टोस्टेरॉन (नराचे मुख्य लैंगिक संप्रेरक) साधारण एका दिवसात जवळजवळ नाहीसे होते, तरीही अनेक नर पुढे काही आठवडे समागम करत राहतात. उलट, वर्तन थांबल्यावर टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिले तरी ते परतायला 5 ते 10 दिवस लागतात. मग मधल्या काळात हे वर्तन कशाच्या बळावर चालते? दुसरे असे की, नराच्या मेंदूत टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्राडायोलमध्ये होते आणि त्यातूनच मेंदूची घडण नराची होते, असे वाचले. इस्ट्राडायोल तर मादीचे संप्रेरक. मग मादी पिल्लांचा मेंदू तसा का घडत नाही?

उत्तर – निवृत्त_प्राध्यापक

टेस्टोस्टेरॉन आले की वर्तन सुरू आणि गेले की बंद, असे धरून चालल्यामुळे हे कोडे पडते. हे संप्रेरक पेशींच्या जनुकांवर काम करते आणि त्या पेशी कोणती प्रथिने किती बनवतील ते बदलते. अशी प्रथिने संप्रेरक गेल्यावरही काही काळ टिकून राहतात आणि नव्याने साठायलाही त्यांना वेळ लागतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण मला मेंदू आणि वर्तनाच्या संशोधक एलेन हल यांच्या प्रयोगांत दिसते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या बाजूला मिडियल प्रीऑप्टिक क्षेत्र आहे आणि ते नष्ट केले तर नराचा समागम थांबतो. धडधाकट नर आणि माजावर आलेली मादी यांच्यामध्ये आडपडदा ठेवला, तरी मादीच्या नुसत्या सान्निध्याने या क्षेत्रात डोपामिन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन वाढते. समागम थांबलेल्या, वृषणे काढलेल्या नरात ते वाढत नाही. मात्र त्या नराच्या पेशींमध्ये डोपामिनचा साठा कमी झालेला नसतो, तर उलट थोडा जास्तच असतो. अडचण असते ती डोपामिन बाहेर सोडण्यात. त्यासाठी नायट्रिक ऑक्साइडची मदत लागते आणि ते बनवणारे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनच्या आधाराने टिकते. तुमच्या सादरीकरणात एकच गोष्ट सविस्तर सांगायची झाली, तर ही सांगा, कारण संप्रेरक आणि मेंदूतले रसायन यांची सांधेजोड इथे जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दिसते.

याच्या जोडीला ग्रंट आणि यंग यांचा 1952 मधला गिनीपिगवरचा प्रयोग ठेवा. त्यांनी नरांचे जास्त, मध्यम आणि कमी लैंगिक उत्साहाचे असे गट पाडले, सर्वांची वृषणे काढली आणि नंतर सर्वांना सारख्या प्रमाणात टेस्टोस्टेरॉन दिले. प्रत्येक गट आपापल्या मूळच्या पातळीवर परतला. याचा अर्थ, प्राण्यांमधला फरक रक्तातल्या संप्रेरकात नव्हता, तर त्याला प्रतिसाद देणाऱ्या शरीरात आणि मेंदूत होता.

उत्तर – प्राणिगृह_पाषाण

सरांनी नराचे सांगितले, मी मादीबद्दल लिहितो, कारण आमच्या प्राणिगृहात रोजचे काम तिच्याशीच असते. रॅटच्या मादीचे चक्र 4 ते 5 दिवसांचे असते. सकाळी योनीतून घेतलेला स्मिअर (पेशींचा पातळ लेप) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात गोल, ठसठशीत केंद्रक असलेल्या पेशींचे पुंजके दिसले, की ती त्या रात्री माजावर येणार असे आम्ही धरतो. रॅट अंधारात समागम करतात, म्हणून खोलीतले दिवसरात्रीचे चक्र उलटे ठेवून निरीक्षण मंद लाल दिव्यात करतात. माजावरची मादी नरासमोर झटकन उडी घेऊन धावते, एकदम थबकते आणि तिचे कान थरथरतात. नर वर चढला की ती पाठ खोलगट करून शेपटी बाजूला घेते. याच स्थितीला लॉर्डोसिस म्हणतात.

अंडाशय काढलेल्या मादीत हे वर्तन दिसत नाही. तिला इस्ट्राडायोल देऊन साधारण दोन दिवस थांबावे लागते आणि परीक्षणाच्या 4 ते 6 तास आधी प्रोजेस्टेरॉन हे मादीचे दुसरे संप्रेरक द्यावे लागते. हा क्रम उलटवून चालत नाही, कारण हायपोथॅलॅमसच्या व्हेंट्रोमिडियल भागात प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर (ते संप्रेरक ओळखून पकडणारी प्रथिने) पुरेसे तयार होण्यासाठी आधी इस्ट्राडायोलच लागते. ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नातला विलंब इथेही आहे, आणि इथे तो घड्याळ लावून मोजता येतो.

एमएस्सी_कोथरूड

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डोपामिन साठलेले असते पण सुटत नाही, हे मी कुठेच वाचले नव्हते. पिल्लांच्या मेंदूचा प्रश्न मात्र उरलाच आहे, आणि मार्गदर्शकांनी शेवटी मानवाबद्दलही बोलायला सांगितले आहे. तिथे काय आणि किती सांगावे?

उत्तर – मनोविकारतज्ज्ञ_पुणे

मादी पिल्लांना वाचवते ते अल्फा-फीटोप्रोटीन. रॅट आणि माउस यांच्या पिल्लांच्या रक्तात हे प्रथिन विपुल असते आणि ते इस्ट्राडायोलला बांधून ठेवत असल्याने इस्ट्राडायोल मेंदूत पोहोचत नाही. नर पिल्लाचे टेस्टोस्टेरॉन मात्र या प्रथिनाला बांधले जात नाही. ते मेंदूत शिरते आणि तिथेच अरोमाटेज या एन्झाइममुळे त्याचे इस्ट्राडायोल होते. हे प्रथिन बनवूच न शकणाऱ्या माउसच्या माद्या 2006 मध्ये अभ्यासल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यात लॉर्डोसिस जवळजवळ दिसला नाही आणि नरासारखे वर चढणे दिसले. जन्माआधीच्या संप्रेरकांनी वर्तनाची घडण कायमची बदलते, ही मूळ मांडणी फीनिक्स, गॉय, जेरॉल आणि यंग यांच्या 1959 मधल्या गिनीपिगवरील निबंधातली आहे. तिचा उल्लेख अवश्य करा.

मानवाबद्दल बोलताना मात्र हात आखडता घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मानवी अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्राडायोलला तसे बांधत नाही, त्यामुळे वरची यंत्रणा आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही. अंडाशय काढलेली रॅट मादी समागमाला तयार होत नाही. स्त्रीच्या बाबतीत अंडाशय काढल्यावर किंवा पाळी थांबल्यावरही समागम शक्य असतो, आणि तिच्या इच्छेवर संप्रेरकांचा परिणाम होत असला तरी तो तिच्या सगळ्या आयुष्याच्या संदर्भात होतो. जिथे साम्य खरोखर आढळते ते सांगायला हरकत नाही. नर रॅटमध्ये वीर्यपतनानंतर हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात सेरोटोनिन हे आणखी एक संदेशवाहक रसायन वाढते आणि त्यामुळे न्यूक्लिअस अॅकम्बन्स या मेंदूतल्या प्रेरणेशी संबंधित भागातले डोपामिन दबते. सेरोटोनिन वाढवणारी नैराश्यावरची औषधे घेणाऱ्या पुरुषांमध्ये वीर्यपतनाला उशीर होतो, ही तक्रार आम्ही दवाखान्यात नेहमी ऐकतो, आणि शीघ्रपतनावर हीच औषधे वापरलीही जातात. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवा, पण वृषणे काढलेल्या रॅटवरून पुरुषांच्या स्वभावाबद्दल एकही वाक्य बोलू नका.