लुगाशला हसायचं की नाही?

रत्नागिरीची आई
काल लेकीबरोबर 'सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा २००२ मधला जुना भाग पाहिला. त्यातली शाळकरी लिसा पीटीत नापास होऊ नये म्हणून जिम्नॅस्टिक्स शिकायला जाते, आणि तिथे तो प्रशिक्षक लुगाश. पूर्व युरोपी हेल काढून मुलांवर खेकसणारा. मी हसत होते. मधेच लेक म्हणाली, "आई, आमचे सर असे ओरडतात तेव्हा पण हसायचं?"

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. दोन मिनिटांच्या पात्रावर हसून आपण तसल्या खऱ्या प्रशिक्षकांना स्वस्तात सोडतो, असं माझं मत झालंय.

मालवणकर
वयनी, जास्त इचार करतास. आमच्या दशावतारात संकासूर येता. वेद चोरणारो राकस तो! तरी त्येचा मालवणी आयकान लोकां पोट धरून हसतत. म्हणान संकासुराक कोणी चांगलो म्हणता काय?

रत्नागिरीची आई
संकासुराला शेवटी विष्णू मारतो हो. इथे उलटंच, प्रशिक्षकाचंच कौतुक होतं. १९९६, अटलांटा ऑलिम्पिक. अमेरिकेची जिम्नॅस्ट केरी स्ट्रग घोटा दुखावलेला असताना दुसरी व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) मारते, तिचे प्रशिक्षक बेला कारोली तिला उचलून पदकाच्या मंचाकडे नेतात, सगळं स्टेडियम टाळ्या वाजवतं. पुढे हिशेब लागला तर अमेरिकेला सुवर्णासाठी त्या उडीचे गुण लागतच नव्हते!

दापोलीचा वस्ताद
ताई, थोडं आमचंही ऐका. मी पोरांना मल्लखांब शिकवतो. खांबाला एरंडेल चोपडलेलं असतं, पावसाळ्यात हातही ओलसर. अढी मारताना मांडीची पकड सैल पडली की पोर सरळ डोक्यावर. तिथे "बाळा, जमेल तसं कर" म्हणून चालत नाही. मी ओरडतो. ओरडणारच.

आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर, तिच्या पायांचे तळवे सपाट होते. तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदींनी त्यावर वर्षानुवर्षं काम करून घेतलं, तेव्हा ती २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये प्रोदुनोव्हा ही व्हॉल्टमधली अवघड उडी मारू शकली. कांस्य ०.१५ गुणांनी हुकलं. हे लाडालाडाने होत नाही.

चिपळूणकर
वस्ताद, पडणाऱ्या पोराला ओरडून सावध करणं वेगळं. ब्रिटनमधल्या जिम्नॅस्टिक्सच्या चौकशीचा अहवाल २०२२ मध्ये आला, ४०० हून जास्त लोकांनी आपलं म्हणणं मांडलं होतं. त्यात मुलांना पाणी न देणं, लघवीला न सोडणं, वजनावरून टोचणं, असलं सगळं आहे. यात कुठली पकड घट्ट होते?

अवांतर : १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये रोमानियाची जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले, पण फलकावर १.०० दिसलं, कारण त्यात दहा दाखवायची सोयच नव्हती. तेव्हा ती चौदा वर्षांची. तिचे प्रशिक्षकही कारोलीच. मोठ्यांच्या स्पर्धेसाठी सोळा वर्षांची अट आली १९९७ ला!

दापोलीचा वस्ताद
पाणी तोडणारा वस्ताद नव्हेच, हे मान्य. पण लुगाश बघून उद्या प्रत्येक पालक माझ्याकडे संशयाने बघेल, त्याचं काय?

रत्नागिरीची आई
बघू दे की थोडं. वर्गाचं दार उघडं ठेवा, आम्ही पायरीवर बसतो.

आत्ता लेक अंगणात भिंतीला पाय लावून हातांवर उभी आहे, आणि सरांच्या आवाजात स्वतःवरच खेकसतेय. "गुडघे! गुडघे सरळ, गाढवा!" अगदी हुबेहूब.

मालवणकर
मगे तुमी हसलास की नाय, ता सांगा.

रत्नागिरीची आई
हसले. मग पाणी घेऊन गेले.