ब्रूस स्प्रिंगस्टीन मला का झेपत नाहीये? कुठून सुरू करू, सल्ला द्या

ओटीवरचा_झोपाळा

मंडळी, काडी टाकायला धागा काढलेला नाही, खरंच अडलंय म्हणून विचारतोय. सहा वर्षं झाली एडिसनला येऊन, आणि इथे न्यू जर्सीत ब्रूस स्प्रिंगस्टीन, म्हणजे इथलाच रॉक गायक, आवडत नाही म्हणणं म्हणजे कोल्हापुरात उभं राहून तांबडा रस्सा पाणचट लागतो म्हणण्यासारखं आहे. इतके दिवस गप्प बसून निभावलं. पण आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, रिटायर्ड प्लंबर, माणूस म्हणजे सोनं, पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे बर्फ काढायचं फावडंपण नव्हतं तेव्हा न सांगता न विचारता आमचा ड्राइव्हवे मोकळा करून गेले होते. मी रेकॉर्ड प्लेअर घेतल्याचं त्यांना कळलं आणि दुसऱ्या दिवशी किराणाच्या पिशवीत घालून पाच अल्बम आणून दिले. बॉर्न टू रन, डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन, द रिव्हर, नेब्रास्का, बॉर्न इन द यूएसए. सगळे त्या त्या वेळी नवे घेतलेले, १९७५ ते ८४, कव्हरवर पेनाने तारीख. इतके वाजवलेत की सगळ्यातून भजी तळल्यासारखा आवाज येतो, एक नेब्रास्का तेवढी चकचकीत आहे. आता दर रविवारी संध्याकाळी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना विचारतात, ऐकलंस का? मी म्हणतो नाइस. तीन रविवार नाइस झालंय, चौथ्याला पकडला जाणार.

बरं ऐकलं नाही असंही नाही. बॉर्न टू रन दोनदा, बॉर्न इन द यूएसए एकदा, रिव्हरची पहिली बाजू. मी एरवी पिंक फ्लॉइड, डायर स्ट्रेट्स, इंडियन ओशन ऐकतो आणि आईमुळे घरात कुमार गंधर्व, म्हणजे कान अगदीच कच्चे नाहीत असा माझा समज. पण ह्या माणसाचं मला काय कळेना. घसा बसलेला माणूस शेवटची लोकल चुकेल म्हणून घाईघाईत ओरडतोय असं वाटतं. मागे सगळी वाद्यं एकदम, त्यात ते टिंगटिंग वाजतं ते तर थेट ख्रिसमस. गाण्यात गाडी, रात्र, हायवे आणि मेरी नावाची मुलगी. आणि ते यूएसए यूएसए सुरू झालं तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, निवडणूक आली का परत?

तर मला एक तर कुठून ऐकू ते सांगा, नाहीतर खोटं बोलायचं कसं ते सांगा.

चारआणे

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टर्नपाइक_एक्झिट१०

झोपाळेबुवा, तुमची चूक नाही, क्रम चुकलाय. बॉर्न टू रन अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जड जातो कारण तो मुद्दामच तसा केलाय, सगळी वाद्यं एकमेकांत कालवून एक भिंत उभी करायची ही साठच्या दशकातल्या फिल स्पेक्टर ह्या रेकॉर्ड निर्मात्याची पद्धत, आणि आपल्या ब्रूसला तेच हवं होतं. नुसत्या त्या एका गाण्यावर सहा महिने घातलेत. तुमचं टिंगटिंग म्हणजे ग्लॉकनस्पील, धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, बँडमधला डॅनी फेडेरिची वाजवायचा, आणि मला तर तेवढ्यासाठी ते गाणं लागतं, पण असो.

माझा सल्ला, रेकॉर्डी ठेवा बाजूला आणि लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधला १९७५ चा कार्यक्रम बघा, तीस वर्षं डब्यात पडून होता, २००५ मध्ये बाहेर काढला. सव्वीस वर्षांचा पोरगा, डोक्यावर लोकरीची टोपी, पहिलं गाणं थंडर रोड, नुसता पियानो आणि माउथ ऑर्गन, बाकी स्टेजवर अंधार. भिंत नाही काही नाही. मग तीच मेरी तुम्हाला माणूस वाटायला लागेल. हा माणूस मुळात स्टेजचा आहे हो, रेकॉर्ड म्हणजे नुसती पत्रिका, जेवण तिकडे असतं. २०१२ मध्ये हेलसिंकीला चार तास सहा मिनिटं वाजवलंय, तेव्हा वय ६२. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा लोक 'बूऽऽ' करतायत वाटून घाबरलो होतो, नंतर कळलं ते 'ब्रूऽऽस' म्हणतायत.

बोरिवली_फास्ट

सगळ्यांना सगळं आवडलंच पाहिजे असा कायदा आहे का? मला शोलेपण बोअर होतो. आजोबांना सांगून टाका.

चारआणे

शोले बोअर होतो म्हणणाऱ्याकडून सल्ला घेऊ नये. ह. घ्या.

पेटीमास्तर

कुमारांचं नाव निघालं म्हणून लिहितो. तुम्ही बहुतेक चाल शोधताय आणि ती इथे फारशी सापडणार नाही. तीन-चार कॉर्ड्स, त्याच त्या, साधा ठेका. हे आपल्या कीर्तनासारखं ऐका. कीर्तनात चाल कुणाला नवी हवी असते? लोक येतात ते बुवा मधे गोष्ट कशी खुलवतात त्यासाठी. हा माणूस पण गाणं मधेच थांबवून दहा-दहा मिनिटं बापाची गोष्ट सांगत बसतो, स्वयंपाकघरात अंधारात सिगरेट ओढत बसलेला बाप, आणि मग त्याच गोष्टीतून गाणं निघतं. मी तबला-पेटीतला माणूस, मला रॉकमधलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं.

टर्नपाइक_एक्झिट१०

मास्तर १००% सहमत, शिवाय त्याचा बाप खरंच तसा होता, इथेच न्यू जर्सीत फ्रीहोल्डला. कधी गालिच्याच्या मिलमध्ये, कधी फोर्डच्या कारखान्यात, कधी बस ड्रायव्हर, आणि मनाचा आजार होता. २०१६ च्या आत्मचरित्रात सगळं मोकळेपणी लिहिलंय, स्वतःच्या डिप्रेशनबद्दलसुद्धा.

तिखटजाळ

प्रत्येक गोष्टीत कीर्तन आणायलाच पाहिजे का?

आणि तो कामगारांचा कैवारी वगैरे सुरू व्हायच्या आत माझे दोन पैसे. ब्रॉडवेच्या कार्यक्रमात ह्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय की आयुष्यात कधी कारखान्यात काम केलं नाही, आठवड्याचे पाच दिवस नोकरी केली नाही. २०२१ मध्ये सगळी गाणी विकून टाकली, बातम्यांत आकडा आला होता सुमारे ५० कोटी डॉलर. २०२२ ला तिकिटांचे भाव मागणीप्रमाणे वरखाली होणारे ठेवले तेव्हा काही तिकिटं हजारांच्या घरात गेली, हजार म्हणजे डॉलर, रुपये नाही. प्लंबर आजोबांना परवडलं असतं का ते विचारा. झोपाळ्याचा कान बरोबर आहे, हे सोंग आहे.

गिरणगावची_लेक

तिखटजाळ, सोंग आहे हे तर तो स्वतःच सांगतोय ना, मग तुम्ही काय नवीन पकडलंत? त्याच्या बापाने केलं ते त्याने बघितलं. मी पण गिरणीत काम केलेलं नाही, माझ्या बाबांनी केलं. साचाखात्यात होते. तिथे इतका आवाज की माणसं खुणांनी बोलायची, आणि घरी आल्यावर बाबा रेडिओ इतका मोठ्याने लावायचे की चाळीत भांडणं व्हायची, आम्हाला लहानपणी वाटायचं त्यांना गाण्याची फार आवड. डार्कनेसमध्ये 'फॅक्टरी' नावाचं गाणं आहे, जेमतेम सव्वादोन मिनिटांचं. बाप सकाळी उठून जातो, संध्याकाळी येतो, कान कारखान्यात गेलेत आणि घरही त्याच कारखान्यावर चाललंय. बस एवढंच आहे त्यात. मला ते पहिल्यांदा ऐकल्यावर रेडिओचं कोडं सुटलं, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

आणि एक योगायोग सांगते. नेब्रास्काची बहुतेक गाणी त्याने ३ जानेवारी १९८२ ला घरी बसून एकट्याने टेप केली. १८ जानेवारी १९८२ ला आमच्याकडे संप सुरू झाला, अडीच लाख माणसं. संबंध काहीच नाही. पण मला तारखा लक्षात राहिल्यात.

बॉर्न इन द यूएसएमधलं शेवटचं गाणं 'माय होमटाउन' ऐका झोपाळा. गावातली मिल बंद होते, मेन स्ट्रीटवरची दुकानं रिकामी पडतात, आणि शेवटी बाप पोराला गाडीच्या स्टीअरिंगमागे बसवून म्हणतो, नीट बघून घे, हे आपलं गाव. लालबागला आता मॉल बघताना मी माझ्या मुलाला हेच करते, फक्त गाडी ओला असते.

बोरिवली_फास्ट

गिरणगावची_लेक +१. मी शोलेवाला असलो तरी.

चारआणे

म्हणजे हा अमेरिकेचा नारायण सुर्वे?

तिखटजाळ

सुर्व्यांनी गिरणीत काम केलं होतं. पुरे.

गिरणगावची_लेक

इथे मात्र मी तिखटजाळच्या बाजूने. सुर्वे ते सुर्वे.

उंबरठा

कुणीच मुद्द्याचं सांगितलं नाही म्हणून. झोपाळा, तुम्ही शब्द वाचलेत का? त्याचे उच्चार पहिल्यांदा ऐकून आपल्याला निम्मे कळत नाहीत, मला तर पाव. बॉर्न इन द यूएसए हे देशभक्तीचं गाणं नाहीच, व्हिएतनामला पाठवलेला पोरगा परत येतो, रिफायनरीत नोकरी मागायला जातो, नाही म्हणतात, दहा वर्षांनी तुरुंगाच्या सावलीत उभा आहे आणि जायला जागा नाही, हे ते गाणं. फक्त चाल अशी की मुठी वर जातात. हे अमेरिकनांनाही कळलं नव्हतं, १९८४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष रेगन साहेबांनी न्यू जर्सीतल्याच हॅमंटनच्या सभेत ह्याच्या गाण्यांतल्या आशेचे गोडवे गायले होते! त्यामुळे वहिनींना सांगा, निवडणूक ओळखली ते अगदी बरोबर ओळखलं.

एक करा, हेच गाणं त्याने आधी १९८२ मध्ये नुसत्या गिटारवर म्हटलंय, १९९८ च्या ट्रॅक्स ह्या संग्रहात आहे. तेच शब्द, पण अंगावर येतं. ते ऐकून मग मोठ्या आवाजातलं ऐका, दोन्हीचा मेळ बसला तर बसला, नाही तर सोडा.

अवांतर: हा दिल्लीला येऊन गेलाय हे किती जणांना माहितीये? ३० सप्टेंबर १९८८, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, अॅम्नेस्टी ह्या संस्थेचा मानवी हक्कांसाठीचा दौरा, बरोबर स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन. माझा मामा तेव्हा दिल्लीत नोकरीला होता आणि स्टिंगसाठी गेला होता, घरी येऊन म्हणाला शेवटी एक जण आला तो थांबेचना.

पेटीमास्तर

उंबरठाताई, शब्द आधी वाचायचा सल्ला उत्तम. शिवाय नेब्रास्का राहिलीये की त्यांची! चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर घरच्या बेडरूममध्ये केलेली, बँडसाठी नुसता कच्चा खर्डा म्हणून, कव्हरसुद्धा नसलेली कॅसेट खिशात घालून फिरत होता. मग बँडबरोबर वाजवून बघितलं तर जीव गेला त्यातला, म्हणून कॅसेटच छापली. कुमारवाल्या माणसाला चालेल. रात्री, दिवे कमी करून, एकट्याने.

टर्नपाइक_एक्झिट१०

मास्तर, नवख्याला थेट नेब्रास्का? पळून जाईल तो. पहिलंच गाणं खुन्याचं आहे.

ओटीवरचा_झोपाळा

अपडेट देतो, बारा दिवस झाले.

टर्नपाइकभाऊ, हॅमरस्मिथ बघितलं. पोरगा दमदार आहे हे मान्य, टोपी आवडली, थंडर रोड खरंच वेगळं वाटलं. पुढचे दोन तास मात्र मी मोबाइल बघितला, माफ करा. जंगललँड गाण्यातला क्लेरन्स क्लेमन्सचा सॅक्सोफोन परत लावून ऐकला, तो माणूस मला कळतो. फॅक्टरी आणि माय होमटाउन, लेक म्हणाली तसे शब्द समोर धरून ऐकले. चांगली आहेत. पण ते गिरणगावच्या रेडिओबद्दल वाचून जे झालं ते गाण्याने झालं नाही, खरं सांगतो.

मग नेब्रास्का लावली, मुलं झोपल्यावर. खुन्याचं गाणं झालं, मी काही पळालो नाही. हायवे पेट्रोलमन म्हणून एक आहे, एक भाऊ पोलीस, दुसरा वाया गेलेला, शेवटी पोलीस पाठलाग करतो आणि कॅनडाची हद्द जवळ आल्यावर गाडी बाजूला घेऊन धाकट्याला जाऊ देतो. ते दोनदा ऐकलं. आणि मग 'यूज्ड कार्स'. एक कुटुंब सेकंडहँड गाडी घ्यायला गेलंय, विकणारा माणूस बापाच्या हातांकडे बघत राहतो, आई बोटातली अंगठी फिरवत बसते, गाडी घरी आणल्यावर आख्खी आळी बघायला येते. आणि पोराला लाज वाटतेय.

आमची बजाज स्कूटर, १९९१, इचलकरंजी, कुणीतरी सहा वर्षं वापरलेली. एजंट बाबांच्या हातांकडेच बघत होता, लूमचं ग्रीस जात नाही ना नखांतून. आईने घरी आल्यावर नारळ फोडला, पेढे वाटले, आणि मी खाली आलोच नाही, गच्चीवर बसून राहिलो. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला पण नाही. त्या माणसाला कसं माहीत.

बाकी तो ओरडतो ते अजूनही नाही आवडलं. टिंगटिंग पण नाही.

असो, काल रविवार होता. डबे बाहेर काढले, आजोबा उभेच होते. म्हटलं, खरं सांगू का, चार अल्बम जमले नाहीत, पण नेब्रास्का फार आवडली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, नेब्रास्का? ती? ८२ मध्ये घेतली, एकदा लावली आणि ठेवून दिली, त्यात ड्रम्सच नाहीत! मग खूप हसले आणि म्हणाले, ती तुझ्याकडेच राहू दे.

बाकीच्या चार मी परत करत होतो तर घेतल्या नाहीत. रिव्हरची दुसरी रेकॉर्ड ऐकलीस का विचारलं. मी परत नाइस म्हणालो.