भाचा क्वार्टरबॅक आहे. एनएफएल ही व्यावसायिक लीग डोळ्यांसमोर ठेवून कॉलेज कुठलं घ्यावं?

कोलंबसकर

नमस्कार मंडळी. इथे अमेरिकन फुटबॉल नेमाने बघणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

माझ्या बहिणीचा मुलगा टेक्सासमध्ये अकरावीला आहे. वडील तिकडचेच, स्वतः कॉलेजात लाइनमन होते. पोरगा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा, बॉल फेकणारा, उंची सहा फूट दोन इंच, शाळेच्या मुख्य संघात गेल्या मोसमापासून स्टार्टर, म्हणजे सुरुवातीपासून मैदानात. आता तीन ठिकाणांहून विचारणा आली आहे. एक एसईसी या तगड्या गटातलं मोठं कॉलेज, एक माउंटन वेस्ट गटातलं मध्यम, आणि एक अभ्यासासाठी नावाजलेल्या आयव्ही लीगमधलं. मोठ्या कॉलेजात त्याच्या आधी दोन मुलं रांगेत आहेत, त्यातला एक फाइव्ह स्टार, म्हणजे सर्वात वरच्या मानांकनाचा.

घरात तट पडलेत. मेहुण्यांचं म्हणणं, नाव मोठं तिथेच जायचं, एनएफएलचे स्काउट (खेळाडू हेरणारे) तिथेच येतात. आमची आई म्हणते, आयव्ही मिळत असताना दुसरा विषय काढूच नका. बहिणीचं मधल्या मध्ये सँडविच झालंय. पोराच्या डोक्यात मात्र एनएफएलशिवाय काही नाही. तिथवर किती थोडे पोचतात हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, त्यालाही. तरी विचारतो: कॉलेजच्या निवडीने खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर नेमका कशाने?

ह्यूस्टनचे_सर

मी ह्यूस्टनजवळ एका हायस्कूलात गणित शिकवतो आणि शाळेच्या संघाचं व्हिडिओचं काम बघतो. शुक्रवारी रात्री मॅच झाली की शनिवारी सकाळी तिचे तुकडे करायचे, प्रत्येक प्लेला (चालीला) डाउन (कितवा प्रयत्न), अंतर, फॉर्मेशन (मांडणी) लावायचं आणि दुपारच्या आत कोचच्या हातात द्यायचं. त्यामुळे क्वार्टरबॅक पोरं आणि त्यांचे आईबाप या निर्णयाशी झगडताना बरेच जवळून पाहिलेत. या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे, जरा लांबेल.

फरक पडतो, चांगलाच पडतो. पण कॉलेजच्या नावाने नाही. पोराला खेळायला मिळतं का आणि कोण शिकवतं, याने पडतो.

हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, येता येत नाही. म्हणजे ती तीन वर्षं कुठेतरी काढायचीच आहेत. मैदानात काढायची की डोक्यावर टोपी घालून सीमारेषेशी उभं राहून, ते या निवडीत ठरतं.

तुमच्या गावचंच उदाहरण घ्या. जो बरो ओहायोतल्या अ‍ॅथेन्सचा. 2015 मध्ये तुमच्या कोलंबसमधल्या ओहायो स्टेटला गेला, राज्यातलं सगळ्यात मोठं नाव. तिथल्या तीन मोसमांत एकही मॅच त्याने सुरू केली नाही. 2018 मध्ये एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला गेला, तिथे पहिल्या वर्षी 16 टचडाउन पास (शेवटच्या रेषेपार पोचलेले). बरा म्हणावा असा खेळ, त्यापलीकडे काही नाही. 2019 मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स या एनएफएल संघातून जो ब्रेडी नावाचा तरुण कोच पासिंग गेम बघायला आला आणि एनएफएलमधल्या कल्पना त्या संघात आल्या. त्या मोसमात बरोचे 60 टचडाउन पास, संघ 15-0, हाइझमन हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, राष्ट्रीय विजेतेपद, आणि 2020 च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर. कॉलेज तेच होतं, मुलगाही तोच होता.

उलटी बाजू क्विन ईवर्सची. हायस्कूलमधून बाहेर पडताना देशातल्या सगळ्यात वरच्या मुलांत गणला गेला. आधी ओहायो स्टेट, मग टेक्सास, म्हणजे दोन्हीकडे नावाला कमी नाही. टेक्सासला प्लेऑफच्या उपांत्य फेरीत दोनदा घेऊन गेला. 2025 च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत, 231 वा. त्याच ड्राफ्टमध्ये पहिला कोण गेला? कॅम वॉर्ड. हा आमच्याच भागातल्या वेस्ट कोलंबियाचा. त्याच्या शाळेत विंग-टी खेळायचे, म्हणजे बॉल पळवायचा, फेकायचा क्वचित. त्यामुळे शाळकरी खेळाडूंना मानांकन देणाऱ्या रिक्रूटिंगवाल्यांनी त्याला एकही स्टार दिला नव्हता. सॅन अँटोनिओच्या इन्कार्नेट वर्डने घेतलं. तिथे खेळला, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी, मग एनएफएलच्या टायटन्सकडे पहिला नंबर.

जॉश अ‍ॅलन तर आधी रीडलीच्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात होता, मग वायोमिंग, आणि 2018 मध्ये सातवा. वायोमिंग माउंटन वेस्टमधलंच. मेहुण्यांना एवढं जरूर सांगा.

फॉर्टीनायनर_ताई

सर, तुमचं बरंचसं पटलं, पण मोठ्या नावाला तुम्ही जरा जास्तच खाली ठेवलंत. अलाबामा बघा. टुआ टागोवायलोआ 2020 मध्ये पाचवा, मॅक जोन्स 2021 मध्ये पंधरावा, ब्राइस यंग 2023 मध्ये पहिला. चार ड्राफ्टमध्ये एकाच कॉलेजचे तीन क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत. दर शनिवारी समोर पुढे एनएफएलमध्ये जाणारे बचावपटू असतात, तेव्हा स्काउटला अंदाज बांधावा लागत नाही, डोळ्यांनी दिसतं.

आणि आमच्या फॉर्टीनायनर्सचा ब्रॉक पर्डी विसरू नका. आयोवा स्टेटला चार वर्षं स्टार्टर होता. तरी 2022 च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, 262 वा. संघातले आधीचे क्वार्टरबॅक ट्रे लान्स आणि मग गरोपोलो जखमी झाले नसते तर त्याला मैदान दिसलं असतं का, सांगता येत नाही. पहिल्या फेरीतल्या मुलावर संघाने पैसा लावलेला असतो, म्हणून त्याला वर्ष-दोन वर्षं सांभाळून घेतात. शेवटून आलेल्याला एक वाईट सराव पुरतो. त्यामुळे ड्राफ्टमध्ये कितवा जातो हे पुढच्या करिअरला फार जड पडतं, आणि तिथे कॉलेजचं नाव थोडंफार वजन टाकतंच.

ह्यूस्टनचे_सर

ताई, समोर कोण आहे याला महत्त्व आहे, अगदी मान्य. लहान कॉलेजच्या मुलाला स्काउट हाच प्रश्न विचारतात. पण तुम्ही लान्सचं नाव काढलंत तर तेही पाहू. नॉर्थ डकोटा स्टेट, म्हणजे खालच्या विभागातलं कॉलेज, तरी 2021 मध्ये तिसरा गेला. नावाने अडवलं नाही. अडवलं ते अनुभवाने. कॉलेजात त्याचे एकूण 17 स्टार्ट, कारण 2020 मध्ये कोविडमुळे एकच मॅच झाली. मिच ट्रुबिस्की 2017 मध्ये दुसरा गेला, नॉर्थ कॅरोलायनात 13 स्टार्ट. अँथनी रिचर्डसन 2023 मध्ये चौथा, फ्लोरिडात तेही 13. कायलर मरेसारखे अपवाद निघतात, पण इतक्या कमी मॅचेसवर एनएफएलमध्ये उभं राहणं फार अवघड जातं. बो निक्सने ऑबर्न आणि ऑरेगन मिळून 61 स्टार्ट केले, आणि डेन्व्हरला पहिल्याच वर्षी प्लेऑफमध्ये नेलं.

मॅक जोन्सही आधी टुआ आणि जेलन हर्ट्सच्या मागे थांबलाच होता. थांबून फळ मिळतं, नाही असं नाही. पण त्याच संघातला हर्ट्स राष्ट्रीय अंतिम सामन्यात मध्यंतराला बाहेर बसवला गेला, पुढे ओक्लाहोमाला जाऊन पुन्हा स्टार्टर झाला आणि ईगल्सकडून सुपर बोल या एनएफएलच्या अंतिम सामन्याचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. आपल्याकडे मुंबईच्या रणजी संघात जागा होत नाही म्हणून पोरं दुसऱ्या राज्याकडून खेळायला जातात, तसंच हे.

कोलंबसकर

दोघांचेही आभार, मेहुण्यांना हे सगळं वाचून दाखवलं. आता त्यांचा नवा मुद्दा: मोठ्या कॉलेजात जाऊ, जमलं नाही तर ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायची अधिकृत सोय) आहेच. आणि "कोण शिकवतं" हे बाहेरून कळणार कसं?

ह्यूस्टनचे_सर

पोर्टल आहे हे खरं. 2018 मध्ये सुरू झालं, 2021 पासून पहिल्या बदलीला वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि 2024 पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला. पण हे दार दोन्ही बाजूंनी उघडतं. ज्या कॉलेजात तुमचा भाचा रांगेत उभा राहील, तेच कॉलेज जानेवारीत दुसरीकडचा तयार क्वार्टरबॅक आणून त्याच्या डोक्यावर बसवू शकतं. 1 जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात, तेव्हा हे आणखी वाढलंय. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या बाबतीत अगदी असंच झालं. दोन मोसम थांबला, नंबर लागणार तोच वरून दुसरा आला. मग पोर्टलमध्ये गेला तर दाखवायला फिल्मच (मॅचचे व्हिडिओ) नाही. खालून खेळून वर जाणाऱ्याकडे फिल्म असते, वॉर्डकडे होती. बाकावरून निघालेल्याकडे हायस्कूलचीच असते.

आता शिकवण्याचं. हे मी रोज पडद्यावर बघतो, म्हणून तपशिलात सांगतो.

थर्ड अँड सिक्स, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि अजून सहा यार्ड हवेत. एका कॉलेजचा क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, म्हणजे बॉल देणाऱ्या सेंटरपासून काही यार्ड मागे, उभा आहे, टाळी वाजवतो. बचावफळी हलते, आणि लगेच सगळ्या माना सीमारेषेकडे वळतात. तिथून इशारा येतो, प्ले बदलतो, पहिला रिसिव्हर (पास झेलणारा) मोकळा, बॉल गेला. आकडेवारी सुंदर. दुसऱ्या कॉलेजचा मुलगा सीमारेषेकडे बघतच नाही. तो पुढे येतो, बोट दाखवून माईक (बचावातला मधला लाइनबॅकर) कोण ते ओरडतो, डावीकडून ब्लिट्झ (जादा बचावपटूंची धाव) येणार हे ओळखून लाइनचं प्रोटेक्शन, म्हणजे त्याला वाचवणारी फळी, डावीकडे सरकवतो, रनिंग बॅकला बाजू बदलायला लावतो. स्नॅप झाला, बॉल हातात आला. पहिला झाकलेला, दुसरा झाकलेला, तिसऱ्याला सात यार्डांवर. आकडे कदाचित कमी असतील, पण एनएफएलचा कोच याच्याजवळ थांबतो. तिथे हेल्मेटमधला कोचचा रेडिओ, प्ले सुरू करायचं घड्याळ (प्ले क्लॉक) 15 सेकंदांवर आला की बंद होतो, पुढचं सगळं त्याचं त्यालाच करायचं असतं.

म्हणून कॅम्पस बघायला जाल तेव्हा जिम आणि लॉकर रूम बघून भारावून जाऊ नका. ते सगळीकडे चकाचक असतं. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला, म्हणजे आक्रमण बघणाऱ्या कोचला, गाठा. प्रोटेक्शन कोण लावतं, सेंटर की क्वार्टरबॅक? त्याच्या हाताखालचा आधीचा क्वार्टरबॅक किती प्ले लाइनवर बदलायचा? सेंटरच्या मागे जाऊन बॉल घेणं शिकवता का? आणि तुम्ही स्वतः किती वर्षं इथे राहणार, हेही तोंडावर विचारा. मेहुणे विचारतील, त्यांना संकोच वाटणार नाही. हेड कोचपेक्षा कोऑर्डिनेटरच्या जाण्याने पोरांचं जास्त नुकसान होतं, कारण भाषाच बदलते, सगळं पहिल्यापासून पाठ करावं लागतं. पहिल्या वर्षी चारपर्यंत मॅचेस खेळूनही खेळायला मिळणाऱ्या वर्षांत ते वर्ष मोजलं जात नाही, तेव्हा त्या चार मॅचेस देणार का, हेही.

केंब्रिजवासी

आजींच्या बाजूने कोणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते. रायन फिट्झपॅट्रिक हार्वर्डचा. 2005 मध्ये 250 वा गेला आणि 17 मोसम एनएफएलमध्ये खेळला, नऊ संघांकडून. त्याच्यासारखा दुसरा आयव्हीतला क्वार्टरबॅक मात्र अलीकडच्या काळात चटकन आठवत नाही, हेही मान्य करते. आयव्हीत खेळाची शिष्यवृत्ती नसते, घरच्या उत्पन्नावर मदत मिळते, तो हिशोब आधी करून घ्या. 2025 पासून आयव्हीचे संघ एफसीएस या खालच्या विभागाच्या प्लेऑफमध्ये खेळू लागलेत, त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त नजरा पडतात. आणि तिथून पदवी घेऊन चौथ्या वर्षानंतर मोठ्या कॉलेजात एक मोसम खेळायला जाणारी मुलं आहेत. या वाटेने पदवी नक्की हातात पडते, आणि आजींचा मुद्दा तोच असावा.

ह्यूस्टनचे_सर

हे चांगलं लिहिलंत. मला विचाराल तर माझं मत माउंटन वेस्टकडे, पण तिथला कोऑर्डिनेटर कोण आणि संघात आणखी किती क्वार्टरबॅक आहेत हे कळल्याशिवाय नाही. तेवढं कळवा. आणि भाच्याची आणि त्याच्या आईची हरकत नसेल तर हडल या व्हिडिओ साइटवरची त्याची लिंक मला व्यनि (खाजगी निरोप) करा. हायलाइट नकोत. थर्ड डाउनचे सगळे स्नॅप पाठवा, इंटरसेप्शनसकट, म्हणजे समोरच्यांनी पकडलेल्या पाससकट. या शनिवारी आमचं काम आटोपलं की बसून बघतो आणि सविस्तर लिहितो.