मदत हवी आहे: 'डोज'वाला शिबा इनू नागपूरच्या उन्हात निभेल का?

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीने हट्ट धरलाय, कुत्रा हवा तर शिबा इनूच. कारण अर्थात काबोसू. सोफ्यावर पुढचे पाय एकमेकांवर टाकून तिरकं बघणारी ती जपानी कुत्री! आत्सुको सातो या तिच्या मालकीणबाईंनी २०१० साली तिचे फोटो ब्लॉगवर टाकले, त्यातल्या एकाचं 'डोज' मीम झालं आणि २०१३ मध्ये त्याच्या नावाने डोजकॉइन हे आभासी चलनही (क्रिप्टोकरन्सी) निघालं. २०२४ च्या मे महिन्यात काबोसू गेली, तेव्हा पोरगी जेवली नव्हती.

पण काबोसू विकत घेतलेली नव्हतीच. पिल्लांची पैदास करणारा एक धंदा बंद पडला, तिथून ती शेल्टरमध्ये आली आणि २००८ मध्ये सातोबाईंनी तिला दत्तक घेतलं. हे सांगितलं की भाची कानात हेडफोन घालते.

आता खरा प्रश्न. शिबाच्या अंगावर फरचे दोन थर असतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. विदर्भात कोणी पाळलाय का? कूलरवर भागतं की दिवसभर एसी लागतो? फिरवायला किती वाजता नेता? केसगळतीचं तर विचारूच नका, आमच्या गावठी मोतीचेच केस वरणात सापडतात.

दुसरं म्हणजे, सोडून दिलेले जातिवंत कुत्रे दत्तक देणारं नागपुरात कोणी खात्रीचं आहे का? ताईचं म्हणणं, मोतीलाच सोफ्यावर बसवून फोटो काढा. तसा तोही तिरकं बघतो, पण फक्त पोळीकडे.