येतोस आणि येतेस

प्रेम खरं असेल तर घरी सांगायला घाबरायचं कशाला, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. भीती प्रेमाची नसतेच, घर तुटण्याची असते. फोनवर माझ्या प्रियकराशी बोलताना आई खोलीत आली की मी 'कधी येतोस'चं 'कधी येतेस' करायचो. दोन वर्षं! पलीकडे तो क्षणभर गप्प व्हायचा. ते त्याला किती लागत होतं हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी आधी फक्त बहिणीला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, 'यावर औषध असतं का रे?' जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढलीय, हे तिला दाखवलं. आईशी बोललो तेव्हा बहीण माझ्या शेजारी बसली होती.